पाण्याचं टाकं कुठंय?

टूर कंपनीबरोबर युरोप पाहायला गेलं की ती सहाला उठवते, सातला नाश्ता देते, आठला बसमध्ये बसवते आणि रात्री तुम्ही कुठल्याही देशात असलात तरी वरणभातासमोर आणून सोडते. यात दमणूक असते, पण परीक्षा नसते. तिथल्या मित्रांकडे गेलं की परीक्षा आलीच. ते फार प्रेमाने बोलावतात, घरातली चांगली खोली देतात, आणि निघायच्या बरेच दिवस आधी मेल करून विचारतात, "तुमच्याकडे बूट कोणते आहेत?"

आमचे यजमान म्युनिकजवळ राहतात. नवऱ्याचे जुने सहकारी. चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी काही वर्षं काढली, तेव्हा ते आमच्याच सोसायटीत राहायचे. यजमानीणबाई माझ्याकडून फोडणी शिकल्या, त्यांची लेक आमच्या सासूबाईंच्या अंगाखांद्यावर वाढली. त्यामुळे त्या घरात सासूबाईंना सगळेच 'आजी' म्हणतात. यजमानसुद्धा, खरं तर ते त्यांच्या मुलाच्या वयाचे आहेत. बोलावणं आलं तेही आजींनाच. आम्ही दोघं त्यांच्या बॅगा ओढायला.

बुटांच्या मेलला नवऱ्याने 'स्पोर्ट्स शूज आहेत' असं मोघम उत्तर पाठवलं. तिकडून लगेच विचारणा आली: तळव्यांचे फोटो पाठवा. खाचा किती खोल आहेत ते त्यांना बघायचं होतं. आम्ही बूट उलटे करून फोटो काढू लागलो. सासूबाईंनी 'तळव्याचा फोटो' एवढंच ऐकलं आणि सरळ पाय पुढे केला. सासूबाई गुंजवण्याच्या, राजगडाच्या पायथ्याच्या. लग्न होईपर्यंत तो गड त्या अनवाणी चढल्या-उतरल्या. टाचेवर त्याचा नकाशा उमटलेला आहे. तो फोटोही बाकीच्यांबरोबर गेला. यजमानांचं उत्तर आलं: "आजींचा प्रश्न मिटला. तुम्हा दोघांना नवे बूट घ्यावे लागतील."

सुरुवात त्सुगश्पित्सेपासून झाली. जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर, २,९६२ मीटर. (आपलं कळसूबाई १,६४६. हा आकडा सासूबाईंनी माझ्याकडून काढून घेतला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.) आइबझे नावाच्या तळ्याकाठून केबल कार निघते. २०१७ साली सुरू झालेल्या या वाटेवर खांब एकच, १२७ मीटर उंच, आणि त्याच्या पुढे तीन किलोमीटरहून जास्त अंतर नुसते दोर. दहाएक मिनिटांत माणूस जवळजवळ दोन हजार मीटर वर. वर उपाहारगृह, बिअर, आणि टोकाला सोन्याचा मुलामा दिलेला क्रूस. शिखर गाठलं की एकमेकांचा हात हातात घेऊन अभिनंदन करायची तिकडे रीत आहे असं मी वाचलं होतं, म्हणून हात पुढे केला. यजमानांनी तो बघितला, पण घेतला नाही. केबल कारने आलेल्यांचं अभिनंदन करत नाहीत म्हणाले. १८२० साली योझेफ नाउस नावाचा लष्करी मोजणीदार इथे पायी आला होता. त्याचं त्यांनी नक्की केलं असतं.

शिखरावरूनच ऑस्ट्रियाची हद्द जाते. इकडच्या गच्चीवरून तिकडच्या गच्चीवर गेलं की देश बदलतो. नवऱ्याने शर्टाच्या आतली थैली काढली आणि पासपोर्ट, व्हिसा, विमा, परतीचं तिकीट असा सगळा ऐवज छातीशी धरून सीमा ओलांडली. अडवायला कोणी नव्हतं. भारतीय पासपोर्टवाल्याला कोणी अडवलं नाही की जास्त धाकधूक होते. यजमानांची लेक तोवर ऑस्ट्रियात दोनदा जाऊन आली होती, मोबाइलला रेंज कुठे चांगली येते ते बघायला.

दुसऱ्या दिवशी केबल कारचं पाप फेडायला 'एक छोटीशी फेरी' ठरली. बव्हेरियन माणूस जिला छोटीशी फेरी म्हणतो ती सकाळी सुरू होते. डोंगरात जागोजागी पिवळ्या पाट्या असतात. त्यांच्यावर अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात: अमुक कुरण, दोन तास. कोणाचे दोन तास, हे लिहीत नाहीत. पहिल्याच चढावर माझा श्वास माझ्या पुढे निघून गेला, तेव्हा मी यजमानांना विचारलं की हा वेळ काढतात कसा. प्रश्न मनापासून नव्हता, पण कामाचा होता. चढावर थांबायचं असेल तर जर्मन माणसाला एखादी पद्धत कशी चालते ते विचारावं. तो जागच्या जागी उभा राहतो आणि नीट, शेवटपर्यंत सांगतो.

तर, याला राष्ट्रीय मानक आहे. तासाला तीनशे मीटर चढ धरायचा, उतार असेल तर पाचशे, आणि आडवं अंतर चार किलोमीटर. चढउताराचा वेळ वेगळा काढायचा, अंतराचा वेगळा काढायचा, दोन्हींत जो लहान त्याचा अर्धा करून मोठ्यात मिळवायचा. येईल तो पाटीवर लिहायचा. हे ऐकताना माझी धाप बसली. नवऱ्याने आणखी दोन शंका विचारल्या. त्याची अजून बसायची होती.

सासूबाईंना मी हे सगळं मराठीतून सांगितलं. त्या तोवर वरच्या वळणावर दगडावर बसल्या होत्या. "एवढा हिशेब कशाला?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कोणी विचारलं, गड किती लांब, की सांगायचं, हे काय, आलंच. पुण्याची पोरं घामाघूम होऊन विचारायची. मी तर त्यांना अर्ध्या वाटेच्याही खाली असताना सांगितलंय, आलंच म्हणून."

"पण आई, ते खोटं झालं."

"खोटं असू दे. पोचली ना सगळी."

हा मुद्दा यजमानांनी फार गांभीर्याने घेतला. आपल्या आल्पाइन संघाला याचा विचार करता येईल का, असं ते बायकोशी बराच वेळ बोलत होते. हा संघ १८६९ साली स्थापन झालेला, सभासद दहा लाखांच्या वर. त्यामुळे विचार व्हायला वेळ लागेल.

वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस 'ग्र्यूस गॉट' म्हणतो. ओळखदेख नाही, परत भेटायचा संभव नाही, तरी म्हणतो. खाली गावात उतरल्यावर तोच माणूस लिफ्टमध्ये भिंतीकडे बघत उभा राहतो. सासूबाई सगळ्यांना 'राम राम' म्हणत होत्या. कोणालाही काही वेगळं वाटलं नाही.

कुरणावर लाकडी झोपडीवजा हॉटेल होतं. बाहेर बाकं, आणि चहूकडून गाईंच्या गळ्यातल्या घंटा. यजमानांनी पाठपिशवीतून काळा पाव, चीज आणि मुळा काढला. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी. झोपडीत ताक मिळत होतं. थंडगार, घट्ट, मोठ्या पेल्यात. युरोपात पाय ठेवल्यापासून सासूबाईंच्या तोंडून पहिल्यांदा "बरं आहे हं" निघालं ते या ताकाला. त्या मग झोपडीवालीशी बोलत बसल्या. ती तिच्या भाषेत, या मराठीत, मध्ये मी आणि यजमानीणबाई. उन्हाळाभर गुरं वर चरतात, सप्टेंबरात खाली गावात आणतात. कळपात सगळा उन्हाळा एकही जनावर दगावलं नसेल, तरच पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलापानांचा मोठा मुकुट चढवतात. एखादं कड्यावरून पडलं असेल तर साध्याच घंटा. हे ऐकून सासूबाई थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "विचार हिला, यंदा मुकुट आहे का?" झोपडीवालीने टेबलाच्या लाकडावर बोटांनी टकटक केली आणि अजून आठवडा बाकी आहे म्हणाली.

बिलाच्या वेळी प्रसंग आला. वाढपी मुलीने विचारलं, एकत्र की वेगवेगळं? नवरा एव्हाना खुर्ची सरकवून गल्ल्याकडे धावला होता, पाकीट उघडं, कार्ड बाहेर. आपल्याकडे हे युद्ध दोन्ही बाजूंनी लढावं लागतं. समोरचा निदान मनगट तरी धरतो. यजमान जागचे हलले नाहीत. त्यांनी पावती मागून घेतली, घडी केली, खिशात ठेवली आणि सांगितलं की सगळं लिहून ठेवतोय, शेवटी बघू. एकट्यानेच युद्ध जिंकून परतलेला नवरा दिवसभर उदास होता.

आता किल्ला. नॉयश्वानश्टाईन बघायचा असं आम्ही म्हटलं तेव्हा यजमानांचा चेहरा पडला. तिथे आम्ही जात नाही म्हणाले, तिथे लोक जातात. ते शाळेच्या सहलीत एकदा गेले होते, त्यानंतर घरापासून दोन तासांवर असून नाही. मी त्यांना दोष देणार नाही. शनिवारवाडा आतून पाहिलेला पुणेकर मला अजून भेटायचा आहे. पाहुणे आले की तो त्यांना दरवाज्यापाशी सोडतो आणि पार्किंग शोधायला निघून जातो. इथे पार्किंग आधीच शोधून ठेवलेलं होतं. तिकिटावर मिनिटासकट वेळ छापलेली असते; ती हुकली की गेली. त्यामुळे यजमान घड्याळ बघत आणि आम्ही यजमान बघत होहेनश्वानगाऊ गावातून चढण चढलो. लोक घोडागाडीने जात होते. सासूबाईंनी घोड्यांकडे कणवेने पाहिलं.

किल्ला समोर आला तो जसा चित्रात दिसतो तसाच, पांढराशुभ्र, मनोऱ्यांवर मनोरे. डिस्नेने आपल्या राजकन्येचा महाल यावरूनच घेतला. सगळ्यांनी "आहाहा" केलं. सासूबाई कमरेवर हात ठेवून दरवाज्याकडे बघत होत्या.

"दार एवढं सरळ समोर?" त्या म्हणाल्या. "गोमुखी नाही? दोन बुरुजांच्या आड नको? हत्ती नीट धावत येऊन धडक देईल."

यजमानांनी सांगितलं की बव्हेरियात हत्तीचा हल्ला होण्याची शक्यता फार कमी होती. पायाभरणीच १८६९ सालची. तोवर किल्ल्यांचे दिवस संपले होते, तोफांपुढे भिंती टिकत नव्हत्या.

"मग बांधला कशाला?"

खरं तर हाच प्रश्न तो बांधणाऱ्या बव्हेरियाच्या राजाला, दुसऱ्या लुडविगला, त्याच्या मंत्र्यांनी आयुष्यभर विचारला. त्याचं उत्तर वागनरच्या संगीतनाटकांत होतं. राजाला त्या नाटकांतल्या शूरवीरांत राहायचं होतं, म्हणून त्याने किल्ल्याची पहिली चित्रं क्रिस्टियान यांक या नेपथ्यकाराकडून काढून घेतली. वास्तुविशारद नंतर आले, त्यांनी ते नेपथ्य उभं कसं राहील ते पाहिलं. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तरीच." आणि मग त्यांनी हिरोजी इंदुलकरांची गोष्ट यजमानांना सांगायला लावली: रायगड बांधला, आणि स्वतःचं नाव कोरलं ते जगदीश्वराच्या पायरीवर. यजमानांनी नाव दोनदा विचारून घेतलं.

आत गेल्यावर सासूबाईंची तपासणी सुरू झाली. जंग्या कुठे? चोरदिंडी कुठे? धान्याचं कोठार? आणि सगळ्यात आधी, पाण्याचं टाकं कुठंय? टाकं नव्हतं. वरच्या अंगाच्या झऱ्याचं पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर खेळवलेलं होतं, संडासात पाणी आपोआप सुटायचं, भिंतींतून गरम हवा फिरत होती, नोकरांना बोलवायला विजेच्या घंटा होत्या. यजमान खुलले. शाळेच्या सहलीत त्यांना हे कोणी दाखवलं नव्हतं.

"म्हणजे शत्रूने वर नळ तोडला की संपलं," सासूबाई म्हणाल्या.

राजाचा पलंग बघितला. कोरीवकाम करायला चौदा कारागीर, साडेचार वर्षं. आणि राजा झोपायचा दिवसा. रात्री तो सोनेरी घसरगाडीतून बर्फात एकटा हिंडायचा. सासूबाईंनी सरळ विचारलं, मग राज्य कोण करत होतं? यावर यजमानांना जरा दम खावा लागला. १८६६च्या लढाईत बव्हेरिया प्रशियाविरुद्धच्या बाजूला होता आणि ती बाजू हरली. १८७१ला जर्मन साम्राज्य झालं, तेव्हा लुडविग राजा राहिला, पण मोठे निर्णय बर्लिनमध्ये होऊ लागले. प्रशियाच्या राजाने सम्राट व्हावं असं पत्र याच्याच सहीने गेलं होतं, आणि त्यापायी बिस्मार्ककडून याला गुपचूप पैसे मिळत राहिले. तेही बांधकामात गेले. शिवाय कर्ज काढलं, पुन्हा काढलं. शेवटी १८८६च्या जूनमध्ये मंत्र्यांनी त्याला न तपासताच वेडा ठरवून गादीवरून उतरवलं, याच किल्ल्यातून नेलं, आणि थोड्याच दिवसांत १३ जूनला तो स्टार्नबर्गच्या तळ्यात मृत सापडला. बरोबरचा डॉक्टरही. काय घडलं याबद्दल बव्हेरियात अजून दोन तट आहेत. आमच्या यजमान जोडप्यातही आहेत; पुढची तीन दालनं दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

सासूबाईंनी मान हलवली. "आमच्याकडे तोरण्यावर धनाचे हंडे सापडले, त्यातून राजगड उभा राहिला. यांच्याकडे किल्ल्यापायी राजाच बुडाला."

सिंहासनाचं दालन मात्र बघण्यासारखं आहे. निळं छत, सोनं, खाली पशुपक्ष्यांची रंगीत फरशी, वरून लटकणारं मुकुटाच्या आकाराचं झुंबर. संगमरवरी पायऱ्या चढून नजर जाते तिथे काही नाही. सिंहासन आलंच नाही. त्याआधी राजा गेला. गर्दी तिथे थांबत नव्हती, कारण फोटो काढायला बंदी आणि मागून पुढची तुकडी येत होती. सासूबाई थांबल्या. मी रायगडाची आठवण काढणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "आपलं होतं, ते गेलं. याच्या नशिबी तेवढंही नाही." आणि पुढे सरकल्या.

शेवटी स्वयंपाकघर लागतं, आणि त्याचं त्यांनी मोकळ्या मनाने कौतुक केलं. चुलीच्या गरम हवेवर आपोआप फिरणाऱ्या सळया, गरम-गार पाणी, भिंतीला हात पुसावासा वाटू नये अशी स्वच्छता. हा राजा मुदपाकखात्यात असायला हवा होता, असं त्यांचं मत पडलं. ज्याला माणसांचा एवढा तिटकारा, त्याचं हे घर तो गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, १ ऑगस्ट १८८६ला तिकीट लावून उघडलं. आता वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं त्याच्या पलंगाशी येऊन उभी राहतात. तो स्वतः इथे सगळे मिळून सहा महिनेही राहिला नाही.

बाहेर पडून मारियेनब्रुकेवर गेलो. दरीवर टांगलेला हा पूल, खाली नव्वद मीटरवर धबधबा, आणि समोर किल्ला अख्खा. सगळं जग इथूनच फोटो काढतं. रांगेत उभं राहून आमची पाळी आली तेव्हा यजमानीणबाईंनी आजींना मध्ये उभं केलं. आजी कॅमेऱ्याकडे बघेनात. त्या पुलावरून किल्ल्याकडे, किल्ल्यावरून मागच्या डोंगराकडे बघत होत्या.

"ही जागा मोकळी सोडली?" त्या म्हणाल्या. "इथे दोन तोफा चढवल्या की किल्ला खाली. दिलेरखानाने वज्रगड घेतला म्हणून पुरंदर अडचणीत आला, माहीत नाही का यांना?"

१६६५ सालचा हा धडा मी यजमानांपर्यंत पोचवला. त्यांनी पुलावरच्या, मोबाइल रोखून उभ्या असलेल्या दोनेकशे माणसांकडे पाहिलं आणि हल्ला सुरू झालेला आहे म्हणाले. गावकऱ्यांना तीच भीती होती. किल्ल्याला जागतिक वारसा म्हणवून घ्यावं का, यावर त्यांनी २०२३मध्ये मतदान घेतलं होतं; 'होय'वाले जिंकले आणि जुलै २०२५मध्ये लुडविगचे महाल युनेस्कोच्या यादीत गेले. हे सांगताना यजमानांच्या आवाजात, लोक जातात तिथे न जाणाऱ्या माणसाला न शोभणारा अभिमान होता. नवरा याच क्षणाची वाट बघत होता. त्याच बैठकीत, एक दिवस आधी, आमचे मराठ्यांचे बारा किल्ले त्याच यादीत गेले, त्यात आईंच्या माहेरचा राजगड आहे, हे त्याने फोनवर काढून दाखवलं. बिलाचा सूड पुरा झाला. यजमानांनी लगेच राजगडाला प्रवेशाची वेळ कशी आरक्षित करतात ते विचारलं.

"दिवस उजाडायच्या आत निघायचं," सासूबाई म्हणाल्या, "आणि भाकरी बरोबर घ्यायची. झालं आरक्षण."

निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी यजमानांच्या लेकीला जवळ बोलावून तिच्या मुठीत दहा युरोची नोट कोंबली. खाऊला. ती नको नको म्हणाली नाही. पुण्यात वाढलेली असली तरी तेवढी नव्हती. थँक्यू म्हणून आत गेली.

रात्री नवऱ्याच्या फोनवर हिशेबाचा तक्ता आला. पेट्रोल, पार्किंग, केबल कार, ताक, किल्ल्याची तिकिटं. पेट्रोलला सहांनी भागलेलं, तिकिटांना पाचांनी, कारण लेकीला किल्ल्यात फुकट प्रवेश होता. दशम्यांपैकी त्यांच्या घरात खाल्लेल्यांची किंमत अंदाजाने धरून आमच्या नावे जमा. आणि सगळ्यात खाली एक ओळ: आजींकडून आगाऊ रक्कम पोचली, दहा युरो.

नवरा कपाळाला हात लावून बसला. सासूबाईंनी चष्मा चढवला, तक्ता मला वाचून दाखवायला लावला, मध्ये दोनदा थांबवून आकडे पडताळले, आणि फोन परत देत म्हणाल्या, "हा माणूस त्या राजाच्या पदरी असता ना, तर सिंहासन तरी झालं असतं."